आधी काच

सोमवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मिस्त्री एका सात मजली इमारतीच्या लिफ्टखाली, खड्ड्यात उकिडवा बसला होता. खड्ड्यात उतरताना फोन वर पेटीत ठेवायचा, असा त्यांच्या कामाचा नियम होता. डोक्यावर अर्धा टन लोखंड लोंबकळत असताना माणसाचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून. वीस वर्षं त्यानं तो पाळला. गेल्या आठ महिन्यांपासून मात्र तो फोन शर्टाच्या खिशात घेऊनच खाली उतरायचा. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे दादा म्हणायचे, हे बघायचा आणि काही बोलायचा नाही.

फोन मुलीच्या शाळेतून होता. फिजिक्सचे सर बोलत होते. मिस्त्रीची बायको सोळा वर्षं त्यांच्याच प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाकं मांडायची, भिंगं पुसायची, मुलांनी मोडलेलं सांधायची.

"कामात आहात का?" सरांनी विचारलं.

"बोला सर."

"शेवटच्या वर्षाच्या विषयांचे फॉर्म आलेत. माझ्या यादीत तुमच्या मुलीचं नाव नाही. मला वाटलं ऑफिसची चूक. जाऊन बघितलं, तर पाचव्या रकान्यात तिनं भूगोल लिहिलाय."

"बरं."

"बरं काय? तिला सैनिकी अकादमीत जायचंय ना? त्यांच्या पत्रकात स्पष्ट आहे. शेवटच्या वर्षी गणित आणि फिजिक्स दोन्ही पाहिजेत. फिजिक्स नसेल तर ते अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत. मग ती कितीही पळो नि कितीही लोंबकळो." सर जरा थांबले. "मी बोललो असतो तिच्याशी. पण ती मला टाळते. मी दिसलो की जिना बदलते. तुम्ही बोला. शुक्रवारी चारला यादी बंद होते, त्यानंतर काही बदलता येत नाही."

"बोलतो," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आणि त्या काळोख्या खड्ड्यात, ग्रीसनं माखलेल्या हातांनी फोन धरून बसलेल्या त्या माणसाचा जीव भांड्यात पडला. त्याचं त्यालाच कळलं तसं. छातीवरचं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. पोरगी जाणार नाही.

"कोण होतं?" वरून दादानं विचारलं.

"शाळेतून."

"नापास झाली का काय शिडी?"

"ती कसली नापास होतेय."

"मग तोंड का असं केलंस?"

"तुला काय दिसतंय रे वरून माझं तोंड?"

"तोंड नाही दिसत. टक्कल दिसतं. त्यालापण घाम फुटलाय."

मिस्त्रीनं पाना उचलला आणि तो कामाला लागला.

शिडी हे मुलीचं घरचं नाव. बारा वर्षांची असतानाच ती आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली, तेव्हा आईनंच ठेवलेलं. माळ्यावरचं काही काढायचं असलं की आई हाक मारायची, "शिडी, ये गं इकडे." अकादमीचं पत्रकही आईनंच आणलं होतं, शाळेच्या फलकावरून काढून, दोन वर्षांपूर्वी. तिनंच ते फ्रिजवर चिकटवलं. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, "पोरीनं बंदूक धरायची का?" तर ती म्हणाली, "तिला पूल बांधायचेत. सैन्यात पूलही बांधतात. वाच जरा." त्यानं वाचलं नव्हतं. घरात वाचायचं खातं तिच्याकडे होतं. सही करायचं त्याच्याकडे.

त्यामुळेच हा फॉर्म असा गेला. शनिवारी सकाळी शिडीनं कागद समोर ठेवला, बोटानं जागा दाखवली, आणि त्यानं सही केली. वरचे पाच रकाने त्यानं बघितलेसुद्धा नाहीत.

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा शिडी दारातल्या दांड्याला लोंबकळत होती. स्वयंपाकघराच्या चौकटीत त्यानंच तो लोखंडी दांडा बसवून दिला होता, अकादमीच्या चाचणीसाठी. हनुवटी दांड्याच्या वर गेली की एक. रोज तो बाहेरच्या खोलीत बसून मोठ्यानं मोजायचा आणि अर्धवट गेलेली धरायचा नाही. "ही नाही धरली," म्हणायचा. "बाबा, गेली होती की वर!" "नाक गेलं होतं. हनुवटी नाही."

त्या दिवशी तो मोजायला बसला नाही. तिच्या बाजूनं वाकून आत गेला.

"मोजत नाही का?"

"दमलोय."

आत गॅसच्या ओट्याशेजारी भिंतीला खुंटी होती. खुंटीवर बायकोचा निळा ॲप्रन, आणि त्याच्या खाली तिच्या घरात घालायच्या सपाता, जोडीनं, बोटं भिंतीकडे करून. आठ महिने तिथंच होत्या. झाडताना शिडी त्यांच्या कडेकडेनं झाडायची. शिडीची मावशी येऊन एकदा म्हणाली होती, आता आवरायला हवं. मिस्त्री म्हणाला, "राहू दे." त्याच्या कामात एक नियम होता. लिफ्टचा मुख्य स्विच बंद करून जो माणूस त्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि आपली लाल पाटी अडकवतो, ते कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालकानंसुद्धा नाही. कारण आत तो माणूस अडकलेला असू शकतो. बायकोच्या वस्तूंचंही त्यानं मनाशी तसंच ठरवून टाकलं होतं. जिनं ठेवलंय तिचं आहे.

आणि आता फॉर्मचंही त्यानं तेच ठरवलं. तिनं भरलाय. तिचा आहे. मी कोण हात लावणारा?

मंगळवारी त्यानं एकदा चाचपून बघितलं. जेवताना, अंड्याची पोळी तिच्या ताटात सरकवत.

"विषय भरलेस ना सगळे?"

"हो."

"नीट भरलेस?"

"सही तुम्हीच केलीत की."

"केली. म्हटलं विचारावं."

"आता विचारताय?" शिडी म्हणाली. ती हसली नाही, ताटातून वरही बघितलं नाही. तिथं एक शब्द बोलायचा अवकाश होता. मिस्त्रीनं तो घासाबरोबर गिळला. येताना त्यानं तिच्या टेबलाच्या दिव्यासाठी नवा बल्ब आणला होता. तो बसवताना त्याच्या मनात आलं, पुढच्या वर्षीही ही इथंच बसून अभ्यास करील. मग इथल्याच कॉलेजात जाईल. भूगोल शिकवील कुठंतरी. संध्याकाळी घरात दिवा असेल. बल्ब पिळता पिळता तो स्वतःशी गुणगुणला, आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात येताच चपापून गप्प झाला.

बुधवारी त्याला आणि दादाला एका जुन्या इमारतीत पाठवलं. पाच मजले, एकच लिफ्ट, तीन आठवडे बंद. स्विचच्या डब्याला कुलूप आणि लाल पाटी. पाटीवर दुसऱ्याच कुणाचं नाव. पहिल्या ठेकेदाराचा माणूस कुलूप लावून गेला, आणि दुसऱ्या दिवशी नोकरीच सोडून परगावी निघून गेला. किल्ली त्याच्या खिशात.

"काप," दादा म्हणाला.

"ज्यानं लावलंय त्यानं काढायचं."

"तो गेलाय. फोन उचलत नाही. परत येणार नाही."

"म्हणून काय आपण कापायचं?"

दादाला निवृत्त व्हायला चार महिने उरले होते आणि त्याची कुणाची भीडभाड उरलेली नव्हती. "अरे शहाण्या, त्यासाठी कागद आहे. तुलाच साहेबानं शिकवला, मला नाही. दोघांनी मिळून वरपासून खालपर्यंत बघायचं आत कुणी नाही ना. दोघांनी सह्या करायच्या. आणि कापायचं. दोघं लागतात, बस."

त्यांनी लिफ्टचा उभा शाफ्ट वरपासून खालपर्यंत बघितला. कुणी नव्हतं. कुणी असणार नव्हतंच. सह्या केल्या. कटरखाली कुलूप कडकन तुटलं. लिफ्ट चालू झाली आणि पहिली उतरली ती चौथ्या मजल्यावरची एक म्हातारी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेली. तीन आठवड्यांनी तिनं रस्ता बघितला.

"काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"कुलूप होतं, आजी," मिस्त्री म्हणाला. "ज्याचं होतं तो आला नाही."

"आणि तुम्ही सगळे वाट बघत बसलात? मी वर बसून भिंती मोजतेय, आणि तुम्ही कुलपाची अब्रू सांभाळताय?" असं म्हणून ती काठी टेकत बाहेर गेली.

दादा हसला. मिस्त्री हसला नाही. दुपारी डबा उघडून बसल्यावर त्यानं दादाला सगळं सांगितलं. सरांचा फोन, भूगोल, शुक्रवार.

दादानं चावायचं थांबवलं. "सोमवारी फोन आला?"

"हो."

"आज बुधवार."

"हो."

"म्हणजे पोरीची लिफ्ट बंद पडलीय, आणि तू वर पाटी लावून खाली डबा खातोयस."

"पाटी मी नाही लावली. तिचं तिनं लिहिलं."

"तिला माहिताय का, भूगोल लिहिल्यानं काय होतं ते?"

मिस्त्रीनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला.

"माहीत नसेल तर सांग. माहीत असेल तर विचार का लिहिलं. दोनच गोष्टी आहेत. तू तिसरीच करतोयस." दादानं डबा बंद केला. "ती गेली तर तू एकटा पडशील, खरंय. पण ती राहिली आणि पुढंमागं तिला कळलं की तुला सोमवारीच माहीत होतं, तर घरात दोघं असूनही तू एकटाच पडशील."

तरीही गुरुवार तसाच गेला. संध्याकाळी शिडी दांड्याला लोंबकळली, स्वतःच तोंडातल्या तोंडात मोजत राहिली, आणि मिस्त्री बाहेर बसून फ्रिजकडे बघत राहिला. पत्रकाचा एक कोपरा सुटला होता. बायकोनं चार कोपऱ्यांना चार चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तीनच उरल्या होत्या.

शुक्रवारी दोन वाजता त्यानं दादाला सांगितलं, "जातो." दादानं त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, "पळ."

तो शाळेत पोचला तेव्हा तीनला दहा कमी होते. शिपायानं शिडीला वर्गातून बोलावून आणलं. ती पांढरीफटक होऊनच आली. आठ महिन्यांपूर्वी असंच कुणीतरी कुणालातरी बोलवायला धावलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. कुणाला काही झालं नाही. बस."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. शिडी अशी बसली की तिची पाठ वरच्या जिन्याकडे येईल.

"भूगोल लिहिलास तू," मिस्त्री म्हणाला. "त्यानं अकादमी बंद होते. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगायला आलो."

"ठाऊक आहे."

"काय?"

"पत्रक पाठ आहे मला, बाबा. दोन वर्षं रोज फ्रिजमधून दूध काढताना वाचलंय."

"मग?"

शिडीनं गुडघ्यावरच्या कापडाची एक घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग ती बोलायला लागली ते खाली बघूनच.

"त्या दिवशी आमचाच वर्ग होता. मी दारात सगळ्यांत पुढे होते. आई आतून भिंगांचा ट्रे घेऊन येत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, काहीतरी म्हणणार होती. आणि पडली. सगळी भिंगं फरशीवर. घरंगळत गेली, बाकांखाली, इकडे तिकडे." ती थांबली. "ती नेहमी काय म्हणायची, तुम्हाला माहिताय."

मिस्त्रीला माहीत होतं. घरात पेला फुटला, बाटली फुटली, की बायको पहिल्यांदा ओरडायची, 'आधी काच! कुणी हलू नका. आधी काच उचला, मग रडा.' मूल पडून रडत असलं तरी आधी काच. शाळेत शंभर मुलांना तिनं हेच शिकवलं होतं. घरात त्यावरून चेष्टा चालायची. मिस्त्री म्हणायचा, उद्या मी पेल्यावर पडून मेलो तरी ही आधी पेला झाडेल.

"मी आधी भिंगं गोळा केली," शिडी म्हणाली. "गुडघ्यांवर बसून. मला वाटलं ती उठेल आणि ओरडेल, किती फुटली म्हणून. मी मोजत होते, बाबा. अकरा मिळाली. बारावं शोधत होते. तेव्हा मागून कुणीतरी किंचाळलं, आणि मग मी तिच्याकडे बघितलं." तिनं तोंड पुसलं. "मी त्या खोलीत नाही जाऊ शकत. वर्षभर तिथं भिंगं हातात धरून नाही बसू शकत. मग नको अकादमी. राहू दे."

खालच्या वर्गातून मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती.

"आधी तिच्याकडे गेले असते तर?" शिडीनं विचारलं. हा प्रश्न तिनं आठ महिने तोंडात धरला होता हे मिस्त्रीला दिसलं.

त्याला गोड बोलता यायचं नाही. जे आकडे होते ते त्यानं सांगितले. "डॉक्टर म्हणाले होते, पहिला अर्धा तास महत्त्वाचा. ॲम्ब्युलन्सला यायला चाळीस मिनिटं लागली. तुझं किती गेलं?"

"माहीत नाही. एक मिनिट. दोन असतील."

"दोन धर. चाळीसातून दोन काढले तरी अडतीस उरतात." तो थांबला. "त्यानं काही झालं असतं का, मला माहीत नाही. नसतं झालं असं वाटतं. शपथेवर नाही सांगू शकत."

शिडीनं मान हलवली.

"आणि माझं ऐक. मला अकरा फोन आले होते. अकरा. फोन वर पेटीत होता आणि मी खाली खड्ड्यात. नियम म्हणून. दोन तासांनी वर आलो तोपर्यंत सगळं उरकलं होतं. तू नियमानं काच उचललीस. मी नियमानं फोन ठेवला. आपण दोघंही तिचं आणि साहेबाचं ऐकणारी माणसं."

शिडी पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत काहीतरी सैल झालं होतं. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं, पण दादाचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"अजून एक आहे. सरांचा मला सोमवारीच फोन आला होता."

"कशाचा?"

"याचाच. भूगोलाचा."

"सोमवारी?"

"हो."

"आज शुक्रवार आहे, बाबा. तीन वाजून गेले."

"हो."

"मग चार दिवस काय केलंत?"

"काही नाही."

"का?"

"बरं वाटलं म्हणून," तो म्हणाला.

शिडीचा चेहरा त्याच्यासमोर मिटला. लिफ्टची दारं मिटतात तसा, दोन्हीकडून, आवाज न करता. "म्हणून बल्ब आणलात," ती म्हणाली.

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मिस्त्रीनं विचारलं, "ते बारावं कुठं गेलं असेल?"

"मोठ्या कपाटाखाली गेलेलं दिसलं होतं."

तो उठला. त्याच्या पिशवीत एक लांब जाड तार होती. लिफ्टच्या फटीतून लोकांच्या किल्ल्या, अंगठ्या, चष्मे खाली पडायचे, ते काढायची तार. आयुष्यात त्यानं दुसऱ्यांच्या पडलेल्या शेकडो वस्तू वर काढून दिल्या होत्या. तारेच्या टोकाला त्यानं चिकटपट्टी उलटी गुंडाळली आणि तो जिना चढला. मागं बघितलं नाही. थोड्या वेळानं मागं पावलं वाजली.

सरांनी प्रयोगशाळा उघडली. ते काही विचारणार होते, पण मिस्त्रीच्या हातातली तार आणि दारातली शिडी बघून त्यांनी तोंड मिटलं. शिडी उंबऱ्याबाहेर थांबली होती, चौकट धरून.

कपाट भिंतभर होतं. त्याच्या प्रत्येक खणावर बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'लोहचुंबक. पाण्याजवळ ठेवू नये.' 'भिंगं, १२. मोजून घ्या, मोजून द्या.' मिस्त्रीनं ती वाचली. मग तो पोटावर आडवा झाला, गाल फरशीला लावून. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार. पण तार लांब होती, दोन्ही हातांनी धरावी लागत होती. टॉर्च तोंडात धरली तर उजेड भिंतीवर जात होता. सर वाकायला लागले, त्यांना कंबरेनं वाकू दिलं नाही.

"टॉर्च धर," मिस्त्री म्हणाला. तो कुणाला म्हणाला हे त्यानं सांगितलं नाही. खड्ड्यात काम करताना जोडीदाराला म्हणतात तसं म्हणाला.

उंबऱ्यावर पावलं वाजली. मग त्याच्या तोंडातून टॉर्च काढली गेली, आणि शेजारी फरशीवर शिडी आडवी झाली.

"डावीकडे. अजून. खाली धर, खाली."

"खालीच आहे."

"हालतोय उजेड."

"धरते ना."

त्यानं तार आत घातली आणि ओढली. धुळीचा बोळा आला. पुन्हा घातली. पेनाचं टोपण. एक खोडरबर. कंगवा, दोन दात तुटलेला. मेलेलं झुरळ. भिंतीपर्यंत जाऊन तार टणकन वाजली. त्यानं कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं खरवडून काढलं. शेवटी फरशीची नुसती खरखर यायला लागली.

"नाही," तो म्हणाला.

सर खिडकीशी उभे होते. "त्या संध्याकाळी झाडणाऱ्या बाईंनी सगळं साफ केलं होतं," ते हळूच म्हणाले. "कपाटाखालूनसुद्धा. काचा होत्या म्हणून. मी मघाशीच सांगायला हवं होतं." त्यांनी खण ओढून भिंगांची पेटी काढली. मखमलीत बारा खाचा, अकरा भिंगं. "नवीन मागवलंय. आलेलं नाही. मुलांच्या एका जोडीला दुसरीचं मागून घ्यावं लागतं."

शिडी उठून बसली. कपाळाला धूळ लागली होती. ती जिथं बसली होती तिथं त्या दिवशी नेमकं काय झालं होतं हे फक्त तिलाच ठाऊक होतं. ती पेटीकडे बघत राहिली, मग घड्याळाकडे.

"दहा मिनिटं आहेत," ती म्हणाली.

ऑफिसातल्या क्लार्क बाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. "आता? चार दिवस खिडकी उघडी ठेवून बसले होते मी. तेव्हा झोपला होतात का सगळे?"

"हो," शिडी म्हणाली. तिनं बापाकडे बघितलं नाही.

बाईंनी फॉर्म काढून दिला. शिडीनं पाचव्या रकान्यातल्या भूगोलावर एक सरळ रेघ मारली, पट्टीनं मारावी अशी, आणि वर फिजिक्स लिहिलं.

"खाडाखोड केली की शेजारी पालकांची सही," बाई म्हणाल्या. "वाचून करा हो. मागून भांडायला येऊ नका."

मिस्त्रीनं फॉर्म हातात घेतला आणि या वेळी वाचला. पाचही रकाने, वरून खाली. खालच्या कोपऱ्यात त्याची शनिवारची सही होती, न बघता केलेली. आता त्यानं खोडलेल्या शब्दाशेजारी दुसरी केली. आपण कशावर सही करतोय हे त्याला पुरतं माहीत होतं. एक वर्ष. त्यानंतर दारातला दांडा रिकामा.

घरी जाताना शिडी पंधरावीस पावलं पुढे चालत होती. तो वेग वाढवायचा तेव्हा तीही वाढवायची. चौकात लाल दिव्याला दोघं शेजारी आले, आणि दिवा बदलताच ती पुन्हा पुढे गेली. पळायची सवय असलेली पोरगी. तिला गाठणं त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं दप्तर टाकलं, दांडा धरला आणि वर गेली.

"एक," मिस्त्री बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

"मोजू नका."

तो गप्प झाला. चपला दाराशी काढून, तिच्या बाजूनं वाकून आत गेला आणि चहा टाकला. दोन पेले काढले. त्यातला एक हातातून सुटला आणि ओट्याच्या कडेवर आपटून फरशीभर झाला.

दांड्याची करकर थांबली.

"हलू नका," शिडी म्हणाली. ती झाडू आणि सुपली घेऊन आली, उकिडवी बसली आणि गोळा करायला लागली. आधी मोठे तुकडे हातानं, मग बारीक झाडूनं, कडेपासून मध्याकडे. आई करायची तसंच. मिस्त्री अनवाणी, पाय जुळवून, ओट्याला टेकून उभा होता. तिनं त्याच्या तळव्यांभोवती झाडलं.

"बारीक राहिली असेल अजून," ती उठत म्हणाली. "पायात काहीतरी घाला."

आणि ती गेली. दांडा पुन्हा करकरायला लागला.

त्याच्या चपला बाहेर दाराशी होत्या, मध्ये सगळी फरशी. हाताच्या अंतरावर, खुंटीखाली, बायकोच्या सपाता होत्या. मिस्त्री थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं वाकून त्या भिंतीपासून वळवल्या आणि पाय आत घातले. टाचा मागं बाहेर राहिल्या. तसाच, पाय घासटत, तो चहा गाळायला गेला.